शेवटचा डबा गेला का?

परवा मुलीच्या लॅपटॉपमधून फुकटात आलेला एक फोटो सजवायचा प्रोग्राम काढत होते. पडद्यावरची पट्टी डावीकडून उजवीकडे हळूहळू हिरवी व्हायला लागली आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले, हात पाठीमागे बांधून. मुलगी म्हणाली, "आई, काय झालं? राष्ट्रगीत लागलंय का?" मी म्हटलं, "गप बस जरा, गाडी जातेय." म्हटलं खरं, आणि माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. जयपूर सोडून बराच काळ झाला, पण अजून कम्प्युटरमधून काही काढायचं म्हटलं की मला वानखेडेकाकांसारखं उभंच राहावं लागतं.

वानखेडेकाका म्हणजे जवाहर नगरमधले आमचे शेजारी. मूळचे अकोल्याकडचे, रेल्वेत स्टेशनमास्तर. उमेदीची वर्षं मीटरगेजच्या लहान लहान स्टेशनांवर काढली, मीटरगेज मिटत गेलं तसे बदल्या घेत घेत उत्तरेला सरकले आणि जयपूरला निवृत्त होऊन तिथेच राहिले. आमचे हे विमा कंपनीत, बदलीवर आलेले. काका उंच, सावळे, किडकिडीत. थंडीत डोक्याला कानटोपी आणि वर मफलर. बोलणं इतकं सावकाश की काय सांगू! एखादं वाक्य अर्ध्यावर सोडून खिडकीबाहेर बघत राहायचे. आपण तोवर भाजी निवडून घ्यावी, मग ते वाक्य जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू व्हायचं. एवढी वर्षं राजस्थानात काढली, पण वऱ्हाडी काही सुटली नव्हती.

आमची ओळखच कम्प्युटरपायी झाली. आमच्या घरचं ते खोकं इतकं मंद झालं होतं की बटण दाबून कुकर लावावा, शिट्ट्या व्हाव्यात, तरी ते आपलं जागं होतंय! पडद्यावर रंगीत मासे फिरायचे, वरती शोधायच्या पट्ट्या एकाखाली एक तीन, आणि मधूनच एक बाई उगवून आजचं भविष्य सांगायची. आमच्या मराठी मंडळात कोणीतरी म्हणालं, "वानखेडेकाकांना बोलवा. त्यांच्याइतकं मुळासकट कोणी काढत नाही." एका थंडीतल्या दुपारी काका आले. ह्यांनी नेहमीच्या घाईत सांगितलं, "काका, फालतू आहे ते सगळं उडवून टाका."

काका म्हणाले, "उडवाले ते काय कबुतरं हायेत, साहेब?"

मग खुर्ची ओढून बसले, प्रोग्रामची यादी उघडली आणि एकेकावर बोट ठेवून विचारायला लागले, "हे कोनाचं?"

"फालतू आहे काका, काढा."

"थे समजलं. पन फालतू कोनाच्या मतानं?"

झालं! एकेका नावावर घरात चौकशी. हे माझ्याकडे बघतायत, मी ह्यांच्याकडे. भविष्यवाली बाई ह्यांनीच आणली होती, असं त्या दिवशी उघडकीला आलं, आणि मी पुढे कितीतरी दिवस तो विषय सोडला नाही. मासे मुलीचे निघाले. ती शाळेत होती. काकांनी माऊसवरचा हात काढला. "पोरीले येऊ द्या." अहो, चार मासे काढायला पोरीची वाट काय बघायची? पण काका हलले नाहीत. खिडकीतून ऊन जमिनीवर आलं होतं, त्या उन्हात पाय पसरून ते माशांकडे बघत बसले. मीही बसले. हेसुद्धा शेवटी बसले. मासे इकडून तिकडे जात होते आणि दुरून कुठल्यातरी गाडीची शिट्टी ऐकू आली, तशी काकांनी मान थोडी वळवली. मला आठवत नाही, त्याआधी आम्ही नवराबायको कधी असे काही न करता बसलो होतो. मुलगी आली, दप्तर फेकलं आणि म्हणाली, "काढा की, मला कधीचा कंटाळा आलाय त्यांचा!" तेव्हा कुठे काकांनी बटण दाबलं. आणि पट्टी सरकायला लागल्याबरोबर उठून उभे राहिले.

स्टेशनातून गाडी जाताना मास्तरानं फलाटावर उभं राहायचं असतं, ती सवय. काही प्रोग्राम जाताना गयावया करतात. आम्हाला सोडून चाललात, वाईट वाटतंय, नक्की जायचंय का, असं विचारतात. आमच्यासारखे लोक चिडून बटण दाबतात. काका उभ्याउभ्या उत्तर द्यायचे. "पाव्हना म्हनून आला होता बाप्पा, राह्यला, जेवला. आता नीघ. राग नको ठेवू."

पट्टी भरली, काम झालं असं पडद्यावर आलं, की आपण हात झटकतो. काकांचं खरं काम तिथून सुरू व्हायचं. त्यांनी मला ते नीट समजावलं होतं. "हे पाह्य पोरी, इंजिन गेलं म्हंजे गाडी गेली असं नसते. शेवटच्या डब्याच्या पाठीवर एक फुलीची खून असते. थे खून मास्तरानं सोताच्या डोयानं पाह्याची. खून दिसली नाई, तर समजाचं का डबे मागंच सुटले हायेत, रुळावर उभे हायेत. तवर मागची गाडी सोडता येत नाई." मग ते सुटलेले डबे शोधायचे. कुठे त्या प्रोग्रामच्या नावाचं रिकामं कपाट राहिलेलं असायचं, कुठे कम्प्युटर सुरू झाल्याबरोबर त्याला हाक मारायची व्यवस्था तशीच असायची, कुठे इंटरनेटच्या खिडकीला त्याचं शेपूट लटकलेलं. सगळं निवांतपणे काढून, कम्प्युटर बंद करून परत सुरू करायचे, पुन्हा उभे राहायचे, पुन्हा सगळीकडे बघायचे. मग हळूच म्हणायचे, "गेली." तो शब्द असा म्हणायचे की आपल्यालाही काहीतरी लांब गेल्यासारखं वाटावं.

एकदा ते मला सांगानेरला घेऊन गेले. मला चादरी घ्यायच्या होत्या आणि त्यांना तिथल्या एका कापड छापणाऱ्यांच्या घरी बोलावणं होतं. अंगणात दोऱ्यांवर ओली कापडं लांबच लांब टाकलेली, त्यांच्यामधून वाट काढत आत जायचं. कापडावरचं ऊन चेहऱ्यावर पडून आम्ही दोघे क्षणात लाल, क्षणात निळे होत होतो. घरमालकांच्या कम्प्युटरमध्ये नक्ष्या काढायचा एक जुना, अवजड प्रोग्राम होता. मालक म्हणाले, "बिटिया का था. शादी हो गई, अब किस काम का? हटा दीजिए, मास्टरजी."

काका म्हणाले, "पहले बिटिया से पूछ लेते हैं."

"अरे, वो क्या कहेगी? जोधपुर में है, अपने घर."

"फोन तो लगाइए."

मालक जरा कुरकुरलेच. फोन लावला. मुलगी पलीकडून काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण बापाचा चेहरा बदलत गेला. पाठ वळवून ते दोरीवरचं कापड उगाच सारखं करत बसले. शेवटी म्हणाले, "रहने दीजिए. कहती है, उसमें सब कुछ मेरा ही तो पड़ा है." त्या दिवशी काकांनी दुसराच कुठलातरी बिनमालकाचा खेळ काढला, उभ्यानं त्याला निरोप दिला, आणि आम्ही बसनं परत आलो. चादरी राहूनच गेल्या.

हे वेड त्यांना लागलं कसं, ते जयपूरबाहेर कानोत्याच्या धरणावर कळलं. मंडळाची सहल होती. बाकीचे अंताक्षरी खेळत होते आणि आम्ही बांधाच्या भिंतीवर बसलो होतो. पाणी अगदी स्वस्थ. मी विचारलं, "काका, दुनिया एका बटणात मोकळी होते, तुम्हीच का एवढी चौकशी करता?"

काका पाण्याकडे बघत राहिले. मला वाटलं, विसरले. मग म्हणाले, "माह्या स्टेशनाइपायी."

निवृत्त झाल्यावर ते लिहायला बसले होते. ज्या ज्या स्टेशनांवर राहिले आणि जी आता नकाशावरसुद्धा नाहीत, त्यांच्याबद्दल. कुठल्या स्टेशनात लिंबाच्या झाडाखाली तिकिटं फाडली, कुठे पाण्याच्या टाकीवर मोर बसायचा, कुठे त्यांची बायको, आमच्या विमलकाकू, नवी नवरी म्हणून येऊन पहिल्याच दिवशी रडल्या. रेल्वेत शिकलेल्या जुन्या मराठी टायपिंगच्या प्रोग्राममध्ये एकेका बोटानं सगळं लिहिलं होतं. ते लिखाण त्याच प्रोग्राममधून वाचता यायचं. दुसरीकडून पाहिलं तर नुसती वेडीवाकडी चिन्हं.

त्यांचा एकुलता मुलगा सुमेध कॅनडात. त्यानं बापाच्या कम्प्युटरमध्ये एक प्रोग्राम घालून दिला होता, नंबर आणि पासवर्ड टाकून तिकडे बसून इकडचा कम्प्युटर चालवायचा. रविवारी दुपारी काका कम्प्युटर लावून बसायचे आणि पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागायचा. काकांना राहवायचं नाही, तेही माऊस धरायचे. बाण मध्येच थरथरत उभा राहायचा. मग तिकडून इंग्रजी अक्षरांत मराठी उमटायचं, 'बाबा, हात काढा.' काका हसून हात वर करायचे. "पोट्टं तिकडं, पन त्याचा हात घरात," असं म्हणायचे ते.

एका रविवारी सुमेधनं साफसफाई केली. तो जयपूरमध्ये वाढलेला, मराठी बोलायचा हिंदी मिसळून, आणि ती जुनी अक्षरं त्यानं जन्मात पाहिली नव्हती. फोनवर खुशीत म्हणाला, "बाबा, मतलब काय काय कचरा भरला होता! सगळी टेढीमेढी अक्षरं, मला तर व्हायरसच वाटला. काढून टाकलं सगळं. आता बघा कसा पळतो."

"माह्यंच पोट्टं," काका मला म्हणाले. "अर्धवट सोडलं नाई. शेवटच्या डब्यापर्यंत साफ केलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्या म्हनलं, माह्या घरात पुन्हा हात घालू नको." मग म्हणाले, "अन् त्यानं नाई घातला."

तेव्हापासून सुमेध आईशी मोबाइलवर बोलायचा, बापाशी नाही. आणि काका दर रविवारी दुपारी कम्प्युटर लावून त्या बाणाकडे बघत बसायचे. मी म्हटलं, "काका, आता मराठी लिहायला वेगळा प्रोग्राम लागत नाही. कुठेही वाचता येतं. परत लिहा ना." ते म्हणाले, "लिहीन. पन वाचाले कोन बसलं हाये?" पाण्यावर दोन पक्षी उतरले, त्यांच्याकडे बघण्यात ते रमून गेले.

त्यानंतरच्या थंडीत आमच्या गल्लीतले माथुरजी फसले. कोणीतरी गोड बोलून त्यांच्या कम्प्युटरमध्ये दुरून चालवायचा तसाच प्रोग्राम घालायला लावला आणि खातं धुऊन नेलं. सगळी कॉलनी हादरली. काकांना घरोघरी बोलावणी यायला लागली. ज्याच्या त्याच्या घरातून ते असे प्रोग्राम काढत फिरले आणि सगळ्यांना बजावत राहिले, "आपल्या घराची किल्ली दुसऱ्याच्या हाती ठेवू नये." एका दुपारी मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले होते. विमलकाकू गहू निवडत बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, एरवी आवाज न चढवणाऱ्या. त्या ताटातून मान वर न करता म्हणाल्या, "लोकाइच्या घरचं काढता, आपल्या घरचं कवा काढसान? दर रविवारी रिकाम्या रुळाकडं पाह्यत बसता. मले पाह्यल्या जात नाई हो आता."

काका उठले, कम्प्युटर लावला. हे कोनाचं, असं त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही. बटण दाबलं, उभे राहिले. पट्टी सरकत गेली. मग मागचे डबे शोधले, एकही सोडला नाही. परत सुरू केला, परत बघितलं. "गेली," म्हणाले, आणि मफलर घेऊन जिना उतरून गेले. मी विरजण न घेताच घरी आले.

पुढे काही दिवस काका कोणाकडे गेले नाहीत. मंडळाचा कम्प्युटर बंद पडला तरी गेले नाहीत. मग काकूच माझ्याकडे आल्या, डोळे सुजलेले. "माह्या तोंडाले आग लागो, म्या कायले बोलली! त्याइनं तो प्रोग्राम पुन्हा घातला. पन आता नंबर वेगळा, पासवर्ड वेगळा. सुमेधजवळ जुनाच हाये. आता त्यानं उद्या यायचं म्हनलं तरी इकडं येता येनार नाई."

अगं बाई! लक्षात आलं माझ्या. दुसऱ्या कोणी काढला असता तर काहीतरी मागे राहिलं असतं आणि जुना नंबर कदाचित चालला असता. काकांनी काढला होता, त्यामुळे काही म्हणजे काही राहिलं नव्हतं.

मी तडक गेले. काका पडद्यासमोर बसले होते. मी म्हटलं, "काका, नवा नंबर सुमेधला पाठवा."

"त्यानं विचारला नाई."

"म्हणून?"

"गाडी जिथून निघते ना पोरी, त्या स्टेशनानं पयले विचाराचं, रूळ मोकळा हाये का, लाइन क्लिअर हाये का. मंग पुढच्या स्टेशनानं द्याची. विचारल्याबिगर देत नसतात. नेम हाये."

माझं डोकंच फिरलं. "अहो, पण विचारणार कुठून तो? तारच तोडलीत तुम्ही! आणि तार तुटल्यावर तुमच्या रेल्वेत काय नियम आहे हो? दोन्ही मास्तर आपापल्या फलाटावर रुसून बसतात का जन्मभर?"

मोठ्या माणसाशी असं बोलू नये, पण बोलले. आणि चुकले असं मला आजही वाटत नाही. काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर कोणीतरी पतंगाचा मांजा गुंडाळत होतं. मग ते म्हणाले, "तार तुटली तर मानूस पाठोतात. हातात कागद देऊन. ट्रॉलीवर, नाई तर..."

वाक्य अर्ध्यावर राहिलं. मी वाट बघितली, पण या वेळी ते पुढे सुरू झालं नाही. मी उठून आले.

लगेचच उन्हाळ्याच्या तोंडाशी आमची बदली भोपाळला झाली. सामान बांधायच्या गडबडीत निरोप घेतला तो काही खरा नव्हे. ट्रक, हमाल, ह्यांची आरडाओरड. काकांना डोळे भरून पाहिलं ते त्याआधी, संक्रांतीच्या सुमाराच्या एका रविवारी.

जयपूरची संक्रांत म्हणजे सगळं गाव गच्चीवर. आकाशात पतंगच पतंग, आणि कुठून कुठून आरोळ्या, "वो काटा!" मी तिळगुळाचा डबा घेऊन वानखेड्यांकडे गेले. दार उघडंच होतं. विमलकाकू आतल्या चौकटीत उभ्या होत्या. मला पाहून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. माझ्या कानाशी येऊन पुटपुटल्या, "काल याइनंच नंबर पाठोला त्याले. कोनी विचारला नव्हता."

काका कम्प्युटरसमोर उभे होते. कानटोपी, मफलर, हात पाठीमागे बांधलेले. खिडकीतलं ऊन त्यांच्या पायांपर्यंत आलं होतं. पडद्यावर बाण हलत होता. माऊसला कोणाचाही हात नव्हता आणि बाण हळूहळू, वाट आठवत असल्यासारखा, इकडून तिकडे जात होता. मग एक कोरी खिडकी उघडली आणि तिच्यात इंग्रजी अक्षरांत एकेक अक्षर उमटत गेलं. 'बाबा, हात काढा.'

"काढले, बाप्पा," काका त्या पडद्याला म्हणाले. "कवाचेच काढले."

बाण पुन्हा निघाला. यादीत एक नवीन नाव होतं, काकांनी मराठीत लिहिलेलं, 'पहिलं स्टेशन'. बाण त्याच्यावर येऊन थांबला. खूप वेळ तिथेच राहिला. काकूंनी माझा दंड घट्ट धरला. बाहेर कोणाचातरी पतंग कटला, मोठी आरोळी उठली आणि विरून गेली. मग कोऱ्या खिडकीत दुसरी ओळ उमटली.

'बाबा, हे कोणाचं? राहू देऊ ना?'

काका खाली बसले. चष्मा पुसला, परत घातला. आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, त्यांनी लिहायला सुरुवात केली, "आपलं हाये..."